एकेचाळीस शून्यं आणि एक डबा

आमच्या तांड्यात वर्षभरात आजारपणावर कुणाचा एक रुपयाही खर्च झाला नाही, असं सरकारी अहवालात छापून यायची वेळ आली होती, आणि ती माझ्यामुळे आली होती. एकेचाळीस घरं, एकेचाळीस फॉर्म, आणि प्रत्येक फॉर्मात 'दवाखान्यापायी घरचा खर्च' या रकान्यात मी माझ्या हातानं टाकलेलं शून्य. टॅब्लेटवर शून्य टाकायला एकच बोट लागतं, आणि मी कामाला तसा चपळ आहे.

मी ओम राठोड. आमचा तांडा फुलसावंगीपासून आत, नाला ओलांडून. उमरखेडच्या कॉलेजातून बीए झालो, मग दोन वर्षं स्पर्धा परीक्षेची तयारी केली, म्हणजे चहाच्या टपरीवर बसून इतरांच्या निकालावर मतं दिली. त्यानंतर डॉ. दीपमाला पाईकराव यांच्या पाहणीत घरोघरी माहिती गोळा करायच्या कामाला लागलो.

पाईकराव मॅडम आरोग्य अर्थशास्त्रज्ञ. हे काय असतं ते आधी सांगून टाकतो, कारण माझ्या बापालाही ते सांगावं लागलं होतं. बाप म्हणजे लखीराम राठोड. त्याचा पहिला प्रश्न असा, की बाई डॉक्टर आहेत तर सुई काहून देत नाहीत. मी म्हटलं, सुईवाला डॉक्टर रोग्याला काय झालं ते पाहतो, आणि मॅडम रोग्यापायी घराला काय झालं ते पाहतात. बापानं तंबाखू मळत विचार केला आणि म्हणाला, मंग त्याईचं काम जास्त दिवस पुरत असन. मॅडमच्या बत्तीस वर्षांच्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन मी नंतर कुठल्याच सत्कारात ऐकलं नाही.

आता शून्याची गोष्ट. आमच्याकडे आईच्या दुखण्याला किती लागले हे लेक चारचौघांत सांगत नाही. सांगितलं तर तो हिशेब काढायला बसला असं होतं, आणि आईचा हिशेब काढणाऱ्याकडे तांडा वर्षभर तिरक्या नजरेनं बघतो. हे मला माहीत होतं. मी तिथलाच आहे. तरी मी काय केलं, तर काम एका दिवसात उरकावं म्हणून सगळ्यांना देवीलाल नाईकांच्या अंगणात बोलावलं. नाईक म्हणजे तांड्याचे मुख्य. ते खाटेवर बसले, लोक खाली बसले, आणि मी एकेकाला भर सभेत विचारू लागलो, की तुमच्या आईवर, बायकोवर, बापावर किती खर्च केलात.

माझ्या बापाची पाळी आली. मागच्या साली माझ्या आईचं, हंसाबाईचं, पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन यवतमाळला झालं होतं. मी स्वतः आठ दिवस तिथल्या व्हरांड्यात फरशीवर झोपलो होतो. बाप माझ्याकडे बघून म्हणाला, आपल्या माणसावर कायचा खर्च. आणि मी, तिचा पोटचा पोरगा, शून्य टाकलं.

फॉर्मचं दुसरं पान मॅडमचं लाडकं. सोबत कोण आलं, किती दिवस राहिलं, काय खाल्लं. पण आधीच्या रकान्यात शून्य असलं, की टॅब्लेट ते पान गाळू द्यायचा. प्रशिक्षणात मॅडम दोन दिवस याच पानावर बोलल्या होत्या, आणि 'शून्य दिसलं तर थांबा' हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं, की मला त्याचा कंटाळा आला होता. मी एकेचाळीस वेळा न थांबता पुढे गेलो आणि पाचच्या आत घरी आलो. याडी म्हणाली (आईला आम्ही याडी म्हणतो), आज लवकर आला. मी म्हटलं, लोक सहकार्य करून राह्यले.

तीन आठवड्यांनी पंजाबराव भेटला. पंजाबराव आमच्या उपकेंद्राच्या जीपचा चालक. ही जीप वर्षभराच्या प्रयोगावर आलेली. जिल्ह्यात अशा नऊ. बाळंतीण असो, साप चावलेला असो, फोन केला की पंजाबराव नाला ओलांडून यायचा आणि फुलसावंगीला, नाहीतर उमरखेडला न्यायचा. संध्याकाळनंतर आमच्याकडे दुसरं कुठलंच वाहन येत नाही, आणि पाणी असलं तर दिवसाही येत नाही. नऊपैकी चारच गाड्या पुढे चालू राहणार होत्या. कुठल्या, ते मॅडमच्या पाहणीवरून एक समिती ठरवणार होती. दवाखान्यापर्यंत पोचायला आणि तिथं टिकायला लोकांना जिथं सगळ्यांत जास्त मोजावं लागतं, तिथं गाडी राहणार.

पंजाबरावनं बिडी पेटवली आणि सांगितलं, की त्याची दुसरीकडे बदली होणार अशी कुजबुज आहे. "तुमच्या तांड्यात लोक फुकटच बरे होते म्हणते," तो म्हणाला. "मंग मले इथं ठेवून काय करतीन."

माझी बहीण संगीता त्या वेळी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा लागला होता. नर्सताईंनी रक्तदाब जास्त आहे म्हणून सांगितलं होतं, आणि काही वाटलं तर लगेच निघा, असंही. निघायचं म्हणजे पंजाबरावच्या गाडीनं. घरी आलो तर संगीता ओट्यावर पाय सोडून चिंच खात बसली होती. तिनं विचारलं, तोंड काहून असं झालं? मी म्हटलं, ऊन. तिनं आभाळाकडे पाहिलं, ऊन नव्हतं.

मॅडमना फोन करायला मी एक दिवस लावला. नंबर काढायचा आणि फोन खिशात ठेवायचा, असं चाललं होतं. शेवटी त्यांचाच आला.

"ओम, मले तुमच्या तांड्यात राहायले यायचं हाय," त्या म्हणाल्या. "एवढं स्वस्त गाव मी बत्तीस वर्षांत पाह्यलं नाही."

मी खरं काय ते सांगितलं. अंगण, नाईक, माझ्या आईचं शून्य, सगळं. संगीताचंही सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, सकाळची पहिली एसटी फुलसावंगीला किती वाजता येते. तो सोमवार होता. समितीची बैठक गुरुवारी होती.

बाई रागावतील म्हणून मी मंगळवारी स्टँडवर अर्धा तास आधीच जाऊन उभा राहिलो. गाडी उशिरा आली, त्यामुळे मॅडमबद्दल मला जे ठाऊक होतं ते सगळं तिथं उभ्या उभ्या आठवून झालं. ते इथंच सांगतो.

दीपमाला पाईकराव मूळच्या ढाणकीच्या. वडील मारोती पाईकराव बाजारात भांड्याच्या दुकानापुढे बसून भांड्यांवर नावं टाकायचे. छोटी हातोडी, टोकदार छिन्नी, ठिपक्या-ठिपक्यांनी नाव. नाव संपलं की शेवटी पाच ठिपक्यांचं एक फूल, त्याचे वेगळे पैसे नाहीत. शाळा सुटली की दीपमाला शेजारी बसून गिऱ्हाइकांची नावं चिठ्ठीवर लिहून द्यायची. ज्या भांड्यांवर बाप नाव टाकायचा त्यातूनच त्याला पाणी मिळेल असं त्या काळी नव्हतं, हे त्या एकदाच बोलल्या आणि लगेच पुढचा फॉर्म मागितला.

अर्थशास्त्र का घेतलं, असं कुणी विचारलं तर त्या सांगतात, की विज्ञानाच्या तासांशी ढाणकीच्या एसटीची वेळ जुळत नव्हती. अमरावतीला एमए करताना मारोतरावांना कावीळ झाली. सोळा दिवस सरकारी दवाखान्यात. सुटी मिळाली तेव्हा कागदावर बिल काहीच नव्हतं. घरी आल्या तर दावणीला शेळ्याही नव्हत्या. आई पंचफुलाबाईंनी दोन्ही विकून सोळा दिवसांचं येणं-जाणं आणि जेवणखाण भागवलं होतं. "बिल शून्य, शेळ्या शून्य," असं मॅडम वर्गात सांगतात. पीएचडीला हाच विषय घेतला तेव्हा मार्गदर्शक म्हणाले, की शेळ्या अर्थशास्त्रात बसत नाहीत. पाच वर्षं लागली, पण त्यांनी त्या बसवल्या.

मग पुसदकडच्या एका कॉलेजात शिकवलं. त्यांच्या परीक्षेला पोरं घाबरायची, कारण प्रश्न यायचा: तुमच्या काकांना दवाखान्यात भरती केलं आहे, सोबत कोण कोण जाईल, त्या दिवशी त्यांच्या घरी कामाला कोण जाणार नाही, ते लिहा. पाठांतर करून येणाऱ्यांची पंचाईत. पुढे सरकारनं सल्लागार म्हणून चार वर्षं मुंबईला नेलं. तिथं त्यांनी काय केलं, तर एका सरकारी फॉर्मात एक रकाना वाढवला: सोबतचे. रोग्यासोबत आलेली माणसं. त्या एका रकान्याला एकोणीस महिने लागले. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली, की मॅडमही त्या टेबलाशी जाऊन बसायच्या. लोक त्यांना 'सोबतवाल्या मॅडम' म्हणायचे, पहिल्यांदा हसून आणि नंतर नाइलाजानं. आणि निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना, आपल्याच जिल्ह्यात त्यांनी ही पाहणी हाती घेतली. म्हणजे ज्या रकान्यासाठी बाईंनी एकोणीस महिने मुंबईत घालवले, तो मी एका दुपारी एकेचाळीस वेळा गाळला होता.

एसटी आली. मॅडम उतरल्या. हातात कापडी पिशवी, तीत वही आणि दुपारच्या जेवणाचा डबा. रागावल्या नाहीत. मोटारसायकलवर मागे बसल्या आणि नाल्यापर्यंत एवढंच विचारलं, की टायरमध्ये हवा शेवटी कधी भरली होती.

आमच्या घरी आल्यावर त्यांनी याडीला खर्चाचं काहीच विचारलं नाही. तब्येत विचारली, टाके दुखतात का विचारलं. मग सहज म्हणाल्या, "हंसाबाई, एवढ्या दूर यवतमाळले, तुमच्यासंगं कोणी आलतं का? का एकट्याच गेलत्या?"

याडीला ते लागलं. ती ताठ बसली.

"एकटी काहून जाईन? मले का कोणी नाही? अकरा जणं आलते माह्यासंगं. नाईकाची बसंतीबाई चार दिवस होती. दररोजच्या गाडीनं डबे येत होते. बाजूच्या खाटेवरच्या बाईले बी आम्हीच जेऊ घातलं."

मी वहीत लिहू लागलो. बाप दारात उभा होता. किती लागले हे सांगायला ज्याला लाज वाटली होती, तो आता किती माणसं आणली हे सांगायला पुढे सरकला. अकरा नाही, तेरा, तो म्हणाला. तिचे दोन भाऊ ती विसरली. दोघांमध्ये त्यावरून जरा जुंपली. मॅडम माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, प्रश्न एकच आहे, दार दुसरं आहे.

तांड्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही. मॅडम कुणाकडे किती माणसं आली ते लिहून घेतात म्हटल्यावर लोक वाट बघू लागले. पहिल्या दहा घरांत आकडे अकरावरून पंधरावर गेले. देवीलाल नाईकांनी आपल्या पाय मोडण्याला सत्तावीस माणसं सांगितली आणि वर म्हणाले, लहान पोरं धरली नाहीत. आता मात्र माझी दुसरी भीती सुरू झाली. आधी तांडा सगळ्यांत स्वस्त होता. दुपारपर्यंत तो जिल्ह्यात सगळ्यांत महाग होणार होता, आणि समितीनं यावरही विश्वास ठेवला नसता.

मॅडमनी वही मिटली आणि जेवायच्या वेळेला आम्ही परत आमच्या घरी आलो. याडी त्यांना स्वतःचा डबा उघडू देत नव्हती. पाहुणी आमच्या घरचं जेवेल असं तिनं ठरवून टाकलं होतं. ताट वाढायला ती मांडणीकडे वळली आणि मॅडमही मागे उठून गेल्या. मांडणीवर स्टीलचे डबे ओळीनं होते. मॅडमनी एक उचलला, नाव वाचलं. ठेवला. दुसरा उचलला.

"हा बसंतीबाईचा डबा तुमच्याकडं कसा?"

याडी म्हणाली, यवतमाळला नळावर सगळ्यांचे डबे एकत्र घासले जातात, घाईत एकाचा दुसऱ्याकडे जातो. माह्ये तीन अजून लोकायकडं हायेत. मॅडमच्या हातात तिसरा डबा होता. त्यांनी तो उजेडात धरला आणि नावावरून अंगठा फिरवला. हंसाबाई लखीराम राठोड, आणि शेवटी पाच ठिपक्यांचं फूल. ढाणकीच्या बाजारातून आणलेला, याडी म्हणाली, लग्नात. मॅडम म्हणाल्या, फूल अजून आहे. एवढंच. मग जेवण उरकल्यावर मला म्हणाल्या, चल.

त्या दुपारपासून बुधवारच्या संध्याकाळपर्यंत आम्ही एकेचाळीस घरांच्या मांडण्या पाहिल्या. माणसांचा आकडा लोकांनी सांगायचा, आणि परक्या नावाच्या डब्यांनी तो तपासायचा. बसंतीबाईचा डबा आमच्याकडे म्हणजे बसंतीबाई यवतमाळला आली होती; ती कुठल्या गाडीनं आली, किती दिवसांची रोजी बुडाली, हे तिलाच तिच्या घरी जाऊन, एकटीला विचारायचं. या वेळी अंगण नाही, खाट नाही. डब्यांपुढे नाईकांची सत्तावीस माणसं नऊवर आली. ते म्हणाले, बाकीचे बिनडब्याचे आले असतीन. मॅडमनी तेही लिहून घेतलं, पण धरलं नाही.

गुरुवारी मी यवतमाळला बैठकीच्या खोलीत मागच्या खुर्चीवर होतो. संगीताचे पाय सकाळी सुजलेले पाहून निघालो होतो, आणि खोलीतल्या पंख्याचे फेरे मोजत बसलो होतो. मॅडमची पाळी आली. कुणी विचारायच्या आतच त्यांनी सांगितलं, की पहिला तक्ता त्या मागे घेत आहेत. अध्यक्षांनी चष्मा काढला. चूक कुणाची, असं त्यांनी विचारलं.

"पाहणी माझी आहे," मॅडम म्हणाल्या, आणि पुढचं पान उलटलं.

एका सदस्यांनी विचारलं, की डबे मोजणं हे शास्त्र आहे का. हसले काही जण. मॅडमनी पिशवीतून बसंतीबाईचा डबा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "यावर नाव एका बाईचं आहे, आणि सापडला दुसरीच्या घरी. हा यवतमाळहून एकटा चालत आलेला नाही." मग पुढची वीस मिनिटं रोजी, तिकिटं, जेवण, असं एकेक. त्या काहीच चढवून बोलल्या नाहीत. उलट दोन ठिकाणी आपलाच आकडा जास्त वाटतो म्हणून कमी करून दाखवला. त्यानंतर कुणी हसलं नाही. यादीत आमचा तांडा नवव्यावरून तिसऱ्या क्रमांकावर आला. गाडी राहिली.

मी बाहेर येऊन जिन्यावर बसलो. मॅडम आल्या, बसंतीबाईचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, हा ज्याचा त्याला दे, आणि वाटेत चहा पिऊन घे, तोंड पांढरं पडलंय तुझं. माझी माफी मागायची तयारी होती, एसटीत बसून वाक्यंही जुळवली होती. त्या म्हणाल्या, ते अहवालात आलं आहे, वाच. वाचलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात: 'सदर तांड्यातील माहिती दुसऱ्यांदा घेण्यात आली, पहिल्या वेळी लोकांचा संकोच शून्य म्हणून नोंदवला गेला.' माझ्या घराण्यात सरकारी कागदावर छापून आलेला मी पहिलाच, आणि तोही असा.

संगीताला बारा दिवसांनी, रात्रीचे दोन वाजले असताना, डोकं दुखू लागलं आणि डोळ्यांपुढे काजवे आले. पंजाबराव वीस मिनिटांत दारात. नऊ जण गाडीत चढले. त्यानं दोघांना ठेवून बाकीच्यांना उतरवलं, तर ते ट्रॅक्टरनं मागून आले. उमरखेडला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं. पोरगी झाली, अडीच किलोची. बापानं ती पहिल्यांदा हातात घेतली आणि मला म्हणाला, लिहून ठेव, यावेळी मी सांगतो किती लागले. मग इकडंतिकडं पाहिलं, नर्स होती, आणि त्यानं विषय बदलला.

मॅडमना फोन करून सांगितलं. त्यांनी दोघींची तब्येत विचारली, मोठा श्वास सोडला तो मला इकडे ऐकू आला, आणि मग विचारलं, सोबत किती होते. मी म्हटलं, चौदा. डबे? मी म्हटलं, मोजतो.

सगळं सुरळीत झालं, फक्त एक राहिलं. त्या मंगळवारी मॅडम याडीच्या हातचं जेवल्या, आणि त्यांचा स्वतःचा डबा आमच्याच घरी राहिला. पंचफुला मारोती पाईकराव, आणि फूल. तो रिकामा परत द्यायला याडी तयार नाही. भरल्या डब्याचं उत्तर भरल्या डब्यानं, असं तिचं म्हणणं. बारशाचे लाडू भरून मी एकदा निघालो, तर मॅडम नागपूरला गेलेल्या. लाडू खराब होतील म्हणून मी आणि पंजाबरावनं ते नाल्याजवळ थांबून संपवले. दुसऱ्यांदा याडीनं मोजून भरले आणि मला मोजून दाखवले. तेव्हा स्टँडवर कळलं, की मॅडम परीक्षेच्या कामाला अमरावतीला आहेत. त्या लाडवांचं काय झालं ते मी इथं लिहीत नाही.

मागच्या आठवड्यात फोनवर मी म्हटलं, मॅडम, तुमचा डबा द्यायचा राहिलाय. त्या म्हणाल्या, "राहू दे मांडणीवर. कोणी पाहणीवाला आला, तर त्याले समजन मी आलती म्हणून."

याडीला हे पटलेलं नाही. रोज सकाळी ती डबा पुसते आणि माझ्याकडे बघते.